तळहातावरची बाराखडी

गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकूंनी आपल्या मुलाची शिकवणी माझ्याकडे दिली. पंधरा दिवसांतच मी त्यांना सांगून टाकले, की मुलगा मठ्ठ आहे, त्याच्या डोक्यात काही शिरत नाही. पुढे अ‍ॅन सलिव्हनचे चरित्र वाचनात आले आणि त्या बोलण्याची लाज वाटली. हेलन केलर सर्वांना ठाऊक असते. तिची शिक्षिका कशी घडली, हे मात्र आपण विचारीत नाही.

अ‍ॅनचा जन्म १८६६ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, एका गरीब आयरिश घरात झाला. लहानपणीच खुपऱ्यांनी तिची दृष्टी जवळजवळ नेली. आई वारली, बापाने हात वर केले. १८७६ मध्ये धाकट्या भावासह तिची रवानगी ट्यूक्सबरीच्या सरकारी गरीबखान्यात झाली. भाऊ तेथे काही महिन्यांतच दगावला. १८८० साली ती बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत आली, तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलीला लिहिता-वाचता येत नव्हते. शस्त्रक्रियांनंतर थोडे दिसू लागले आणि १८८६ मध्ये ती वर्गात पहिली आली.

त्याच शाळेत लॉरा ब्रिजमन राहत असे. न दिसणाऱ्या, न ऐकू येणाऱ्या लॉराला डॉ. सॅम्युअल हाउ यांनी १८३७ पासून भाषा शिकवली होती. बोटांच्या खुणांनी तळहातावर अक्षरे काढण्याची लिपी अ‍ॅन लॉराकडूनच शिकली. अलाबामातील केलर कुटुंबाने मुलीसाठी शिक्षिका मागितली, तेव्हा अशा शिक्षकांसाठी कोणताही अभ्यासक्रम नव्हता. अ‍ॅनने काही महिने हाउ यांचे अहवाल वाचून काढले. हेच तिचे ट्रेनिंग!

३ मार्च १८८७ रोजी ती टस्कम्बियाला पोचली. हट्टी हेलन बोटांची नक्कल करी, पण वस्तूला नाव असते हे तिला उमगत नव्हते. ५ एप्रिलला पंपाचे पाणी तिच्या एका हातावर पडत असताना अ‍ॅनने दुसऱ्या हातावर पाण्याची अक्षरे काढली आणि गाठ सुटली.

मला त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. हेलनच्या नात्यातील पंधरा महिन्यांची एक मुलगी बोलता येण्याआधीच पुष्कळ समजते, हे अ‍ॅनने पाहिले. तिने ठरावीक वेळेचे धडे बंद केले. आई तान्ह्या बाळाशी बोलते, तशी ती हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये बोलू लागली. उत्तराची घाई केली नाही. पुढे रॅडक्लिफ कॉलेजातील व्याख्यानेही तिने त्याच हातावर उतरवली. १९०४ मध्ये हेलन पदवीधर झाली. १९३६ साली अ‍ॅन वारली, तेव्हा तिची दृष्टी पुन्हा गेलेली होती.

१९७७ साली मुंबईत हेलन केलरच्या नावाने बहिऱ्या आणि बहिरांध मुलांसाठी संस्था निघाली. अशा मुलांच्या शिक्षकांना आज रीतसर प्रशिक्षण मिळते.

दिवाळीच्या सुटीत मी काकूंकडे पुन्हा गेलो. पुस्तक बाजूला ठेवले आणि मुलाला काय येते, ते आधी पाहिले. गोट्या मोजताना तो कधीच चुकत नव्हता. आम्ही तेथूनच सुरुवात केली.