टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर ख्रिस्तभक्ती शिकविणारा कवी

कंधार-लोह्याकडच्या कोणत्याही गावात संध्याकाळी पारावरून टाळ-मृदंगाचा नाद कानी येतो. तोच नाद मराठी भाषिक चर्चमध्येही उमटतो, याची कल्पना शहरी वाचकाला क्वचितच असते. लहान मुले तेथे आईच्या शेजारी बसून अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची गीते म्हणतात. अक्षरओळख होण्याआधीच ती त्यांना मुखोद्गत झालेली असतात. या परंपरेमागे जी थोडी नावे आहेत, त्यांत सर्वांत मोठे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. भक्तिकाव्याची गोडी त्यांना आई जानकीबाईंकडून मिळाली. परंतु ती माउली ते अकरा वर्षांचे असतानाच गेली आणि मुलगा घराबाहेर पडून नाशिकला आला. तेथे संस्कृतचे अध्ययन झाले. 1880 मध्ये जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांच्या घरी लक्ष्मी होऊन आली. पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई त्या याच.

1893 मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. दोन वर्षांच्या वैचारिक झगड्यानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत जबर होती. जातीने त्यांना दूर लोटले, आणि लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षे वेगळ्या राहिल्या. नवऱ्याचा धर्म स्वीकारायचा की आपले सोवळे सांभाळायचे, या ओढाताणीतून त्या परतल्या आणि 1900 मध्ये स्वतःही ख्रिस्ती झाल्या.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी. तेथील चर्चमध्ये त्यांना खटकलेली गोष्ट धर्मतत्त्वाची नव्हती, गाण्याची होती. त्या वेळी म्हटली जाणारी बरीचशी मराठी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती आणि त्यांच्या चालीही परक्याच. मराठी छंद अक्षरांच्या आणि मात्रांच्या हिशेबाने चालतो, तर इंग्रजी चाल आघातावर. परिणामी ऱ्हस्व अक्षर लांबवावे लागे, दीर्घ अक्षर गिळावे लागे आणि शब्द चालीखाली चिरडून जात. मोठी माणसे ते श्रद्धेने सोसत. मुलांना मात्र न समजलेले गीत पाठ होत नाही, आणि झालेच तर मनात उतरत नाही.

कृष्णराव सांगळे यांनी देशी चालींत ख्रिस्ती पदे रचून वाट दाखविली होती. टिळकांनी तिचा हमरस्ता केला. ओवी, अभंग, पदे ही घरोघरची रूपे त्यांनी उपासनेत आणली. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही. अभंगाची सोय अशी की म्होरक्याने चरण म्हणावा आणि इतरांनी धरावा. त्यासाठी हाती पुस्तक लागत नाही. छप्पनच्या दुष्काळाने, म्हणजे 1899-1900 च्या सुमारास, मिशनच्या आश्रयाला आलेल्या निरक्षर, पोरक्या मुलांच्या दृष्टीने ही सोय केवढी मोठी होती, हे सांगायला नको. टिळकांचे स्वतःचे घरही आश्रित मुलामुलींनी सदैव भरलेले असे. पगार किती आणि तोंडे किती, याचा मेळ घालण्याचे काम अर्थातच लक्ष्मीबाईंकडे! टिळकांच्या औदार्याचे कौतुक करताना हा भाग सहसा विसरला जातो.

मराठी साहित्याने त्यांना फुलामुलांचे कवी म्हटले. 'बालबोधमेवा' या मुलांच्या मासिकासाठी त्यांनी लिहिले. बालकवी ठोंबरे काही काळ त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. 1918 मध्ये रेल्वे अपघातात ठोंबरे गेले तेव्हा टिळकांच्या आयुष्याचे जेमतेम वर्ष उरले होते.

1904 मध्ये पाळक म्हणून दीक्षा मिळाली, 1912 पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन आले. तरीही परदेशी पैशावर उभ्या चर्चमध्ये त्यांचा जीव रमेना. 1917 मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तीत स्थान होते. मिशनमधील अनेकांना हे रुचले नाही. प्रयोग रुजण्याइतके आयुष्यही त्यांना लाभले नाही.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. ज्यांना लग्नानंतर टिळकांनीच अक्षरे गिरवायला लावली, त्या लक्ष्मीबाईंनी उरलेले अध्याय लिहून ते पूर्ण केले. कीर्तनालाही त्या उभ्या राहत. टिळकांची दोनशेहून अधिक गीते 'उपासना संगीत' या संग्रहात समाविष्ट झाली. मराठी ख्रिस्ती घरांतील संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेत हेच पुस्तक उघडले जाते. पुस्तक मोठ्यांच्या हाती असते, मुले मात्र न पाहताच म्हणतात.