कर्मवीर दादासाहेब गायकवाड

निवडणूक आली की पुढारी आपल्या वस्तीत येतात, हात जोडतात आणि पुढे पाच वर्षे फिरकत नाहीत. पुढारी म्हणजे असाच असतो, हे आपण जणू मान्यच करून टाकले आहे. म्हणून दादासाहेबांचे चरित्र घराघरांत सांगितले पाहिजे.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेले आणि लढ्याचा भार दादासाहेबांवर व त्यांच्या सहकाऱ्यांवर पडला. दगडांचा मार, अटका, सगळे सोसूनही दार उघडले नाही. शेवटी मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहून त्यांना कळविले, की ही शक्ती आता शिक्षणाकडे व राजकारणाकडे वळवावी. पुढल्या वर्षी येवल्याची घोषणा झाली.

१९३७ साली ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५७ ते १९६२ लोकसभेत, तर १९६२ ते १९६८ राज्यसभेत होते. पण खुर्ची मिळाल्यावर रस्ता सोडायचा, हे त्यांना ठाऊक नव्हते. दीक्षा घेऊन आपला धर्म बदलला, पण पोटाचे काय? गावकीची कामे सोडलेल्या माणसाला कसायला वीतभर जमीन नव्हती. हा प्रश्न त्यांनी धरला. १९५९ साली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे सरकारला मागण्यांची सनद देऊन ६ डिसेंबर १९६४ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, देशभर लढा सुरू केला. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, बौद्धांना सवलती द्या, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा मागण्या होत्या. तीन लाखांहून अधिक लोक तुरुंगात गेले, असे चळवळ सांगते. ज्यांना सही येत नव्हती अशा बायाही त्यांत होत्या. कायदा कोणासाठी असतो, हे त्यांना कोणा पुस्तकाने शिकविले नव्हते.

आपल्यातल्याच काही शिकलेल्या मंडळींना मात्र हा जमिनीचा लढा कम्युनिस्टी वाटला. धोतर नेसणाऱ्या पुढाऱ्याची त्यांना लाज वाटली असावी. मी स्वतः पदवीधर आहे, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला स्थापन झाला आणि दोन वर्षांतच फुटला. लोक गटांना दुरुस्त आणि नादुरुस्त म्हणू लागले. दादासाहेबांचेही चुकले. १९६७ नंतर काँग्रेसशी त्यांनी जो समझोता केला, त्याने कार्यकर्त्यांना पदांची चटक लागली आणि तरुण दुरावले. त्यांच्याविषयीच्या आदरापोटी हे झाकून ठेवणे बरे नाही.

२९ डिसेंबर १९७१ रोजी दादासाहेब गेले. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र १९९० साली लागले. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्याही त्याच वर्षी. जमिनीची मागणी मात्र अनेक गावांत तशीच पडून आहे.