पाणी तोलणारा हकीम

इफ्तारच्या दस्तरखानावर खजुरानंतर पहिला हात जातो तो पाण्याच्या पेल्याकडे. दिवसभर कोरड पडलेल्या घशाला त्या घटकेला सगळा पेला एका दमात रिकामा करावासा वाटतो, आणि घरातली वडील मंडळी हमखास टोकतात, घोट घोट घ्यायला सांगतात. हाच सल्ला हजार वर्षांपूर्वी वैद्यकाच्या ग्रंथात लिहून ठेवणारे हकीम म्हणजे अबू अली इब्ने सीना. युरोप त्यांना अविसेन्ना या नावाने ओळखतो. रिकाम्या पोटी, मेहनतीनंतर किंवा हमामातून बाहेर आल्या आल्या गार पाणी ढोसू नये. तहान आवरतच नसेल तर अरुंद तोंडाच्या भांड्यातून थोडे थोडे चोखत प्यावे, असे त्यांचे सांगणे. त्यांचा इंतकालही रमजानमध्येच झाला, आणि तोही पोटाच्या दुखण्याने.

इब्ने सीना यांचा जन्म इ.स. ९८० चा, आजच्या उझबेकिस्तानातील बुखारा शहराजवळच्या अफशाना गावातला. वडील अब्दुल्लाह मूळचे बल्खचे, सामानी राजवटीत अंमलदार. आईचे नाव सितारा. दहाव्या वर्षापर्यंत मुलाचे कुरआन पाठ झाले. हिशेब शिकायला वडिलांनी त्याला पाठवले ते एका भाजीविक्याकडे, कारण त्या माणसाला हिंदी गणित येत होते. भारतातून निघालेली अंकपद्धती तोवर बुखाऱ्याच्या भाजीबाजारात रुळली होती. पुढे ज्यांना जगाने वैद्यांचा शेख म्हटले, त्यांची आकडेमोड अशी तागडीजवळ सुरू झाली.

सोळाव्या-सतराव्या वर्षी ते रुग्ण तपासू लागले. बुखाऱ्याचा अमीर नूह बिन मन्सूर आजारी पडला, दरबारी वैद्य थकले, तेव्हा या पोराला बोलावणे गेले. अमीर बरा झाला आणि त्यांच्यासाठी शाही ग्रंथालयाचे दार उघडले. रात्री वाचन लांबले की अंगात तरतरी यावी म्हणून ते पेलाभर मद्य घेत, आणि एखादा प्रश्न सुटेना की मशिदीत जाऊन नमाज पढत. दोन्ही गोष्टी त्यांनी स्वतःच लिहून ठेवल्या आहेत. एक सांगायची आणि दुसरी झाकायची, असे केले नाही.

वडील गेले, सामानी सत्ता कोसळली, आणि मग सुरू झाली आयुष्यभराची वणवण. बुखारा सोडून ते ख्वारज्मला गेले आणि तिथूनही १०१२ च्या सुमारास निघावे लागले. बाराव्या शतकातला फारसी लेखक निजामी अरूजी सांगतो, की या प्रवासात त्यांच्यासोबत अबू सहल अल्‌-मसीही होते. हे ख्रिस्ती वैद्य इब्ने सीना यांचे जिवलग. वाळवंटात वादळ उठले, वाट हरवली, जवळचे पाणी संपले आणि अबू सहल यांनी तहानेने प्राण सोडला. इब्ने सीना कसेबसे वाचले आणि पुढे कास्पियन समुद्राजवळच्या गुर्गानला पोहोचले.

त्याच गुर्गानमध्ये त्यांनी ‘अल्‌-कानून फित्‌-तिब्ब’ या पाच खंडांच्या ग्रंथाची सुरुवात केली. पहिल्याच खंडात पाण्यावरचे प्रकरण आहे. वाळवंटातला तो मृत्यू आणि ही पाने यांचा धागा जोडायला पुरावा नाही, तरी वाचताना मन तो जोडतेच.

पाणी शरीराचे पोषण करत नाही, पण पाण्यावाचून पोषण होत नाही, असे त्यांचे प्रतिपादन. अन्न पातळ करून बारीक बारीक वाटांतून अवयवांपर्यंत पोहोचवणारा तो वाटाड्या. आणि वाटाड्या जशी सोबत आणतो तशी वाटचाल होते. सगळ्यांत चांगले पाणी झऱ्याचे, पण सगळ्याच झऱ्यांचे नव्हे. ज्याच्या तळाशी स्वच्छ माती आहे, जे वाहते आहे आणि ज्याला ऊन-वारा लागतो, ते उत्तम. विहिरीचे त्याहून कमी प्रतीचे, कारण ते जमिनीत कोंडलेले. दलदलीचे तर टाळलेलेच बरे. त्याने प्लीहा वाढते. गढूळ पाण्याने मूतखडे होतात. खारट पाणी आधी पोट ढिले करते, मग बद्ध करते आणि माणसाला वाळवते. लोहयुक्त पाणी पोटाला आणि प्लीहेला बळ देते, तुरटीचे पाणी रक्तस्राव थांबवते. या यादीतले सगळेच आज टिकत नाही. पण जमिनीतली खनिजे पाण्यात उतरतात आणि पाण्यातून माणसात, हे त्यांनी स्पष्ट ओळखले होते.

सगळ्यांत वाईट म्हणून त्यांनी बोट ठेवले ते शिशाच्या नळांतून आलेल्या पाण्यावर. ते पाणी शिशाचा गुण घेते आणि त्याने आतड्यांना व्रण पडतात, असे त्यांचे निदान. शिशाच्या विषबाधेत पोटात तीव्र कळा येतात, हे आजचे वैद्यकही मानते. शिसे मुलांच्या मेंदूला इजा करते हे कळायला मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

दोन पाण्यांपैकी चांगले कोणते, हे ठरवायची त्यांची रीत साधी होती. सारख्या वजनाचे दोन कापसाचे तुकडे घ्यायचे, एक या पाण्यात भिजवायचा, दुसरा त्या पाण्यात. दोन्ही खडखडीत वाळवायचे आणि तोलायचे. ज्याचा कापूस हलका, ते पाणी चांगले. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि काट्यावर दिसतात. आज प्रयोगशाळेत पाणी आटवून उरलेला अंश तोलतात, ती याच रीतीची सुधारलेली बहीण. भारतीय मानकानुसार असे विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत.

पण कापूस किती क्षार हे सांगतो, कोणते हे सांगत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला हवेच असतात, तेव्हा सगळ्यांत हलके तेच सगळ्यांत उत्तम, हा नियम दर वेळी खरा ठरत नाही. उलट फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले तरी काट्याला त्याचा पत्ता लागणार नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरच्या पाण्याने दात पिवळे पडलेली आणि हाडे आखडलेली माणसे आहेत, आणि ते पाणी दिसायला नितळच असते.

उकळलेल्या पाण्यावरून त्यांनी त्या काळच्या वैद्यांशी वादही घातला. उकळल्याने हलका भाग उडून जातो आणि जड तेवढे उरते, म्हणून उकळणे व्यर्थ, असे काहींचे मत होते. इब्ने सीना यांना ते अजिबात पटले नाही. उकळलेले पाणी पोटाला कमी बाधते असे त्यांनी कारणे देऊन मांडले. जंतूंची त्यांना कल्पना नव्हती, तरी निष्कर्ष कामाचा निघाला. प्रवाशांसाठी त्यांनी आणखी सांगितले: आधीच्या मुक्कामाचे पाणी पुढच्या मुक्कामाच्या पाण्यात मिसळत जावे, किंवा आपल्या गावची माती सोबत न्यावी, ती परक्या पाण्यात ढवळावी, निवळू द्यावी आणि मग प्यावे. घराची आठवण म्हणून माती नेणारे पुष्कळ असतील. हे औषध म्हणून नेणे.

हमदानच्या शम्सुद्दौलाचा पोटशूळ त्यांनी बरा केला आणि तो त्यांना थेट वजिरी देऊन बसला. दिवसा दरबार, रात्री शिष्यांना धडे. सैन्याने बंड करून त्यांचे डोके मागितले तेव्हा चाळीस दिवस एका घरात लपून काढावे लागले. राजाला पुन्हा कळा सुटल्या, पुन्हा त्यांनाच शोधून आणले. राजाच्या मृत्यूनंतर फर्दजानच्या किल्ल्यात चार महिने कैद झाली. शेवटी सूफी फकिराच्या वेशात ते इस्फहानला निसटले आणि तिथे अलाउद्दौलाच्या आश्रयाला राहिले. ‘कानून’ १०२५ च्या सुमारास पुरा झाला. पुढे टोलेडोत त्याचे लॅटिन भाषांतर झाले आणि युरोपातली विद्यापीठे सतराव्या शतकापर्यंत तो शिकवत राहिली.

राजाचा जो रोग त्यांनी बरा केला, तोच शेवटी त्यांना जडला. शिष्य जूजजानी याने कसलीही सारवासारव न करता लिहिले आहे, की गुरूंना शरीराचे लाड आवरत नसत. अलाउद्दौलासोबत मोहिमेवर असताना पोटशूळ उठला. सैन्य माघार घेत असताना आपण मागे पडू या भीतीने त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली आणि आतड्यांना व्रण पडले. मग कर्फसचे बी, म्हणजे अजमोद्याच्या जातीचे, दोन दानक घालून बस्ती द्यायला त्यांनी सांगितले. देणाऱ्या वैद्याने पाच दिरहम घातले. सहा दानकांचा एक दिरहम, म्हणजे मात्रा पंधरापट झाली. चूक झाली की मुद्दाम केले, हे जूजजानीलाही ठरवता आले नाही. नोकरांनी तिजोरीवर हात मारला होता, तो उघड होऊ नये म्हणून त्यांच्यातल्या एकाने औषधात जास्तीची अफू मिसळली, हेही त्याने नोंदवले आहे.

पालखीतून इस्फहानला आणल्यावर स्वतःवर उपचार करत ते उठून चालू लागले. पण पथ्य पाळले नाही. आजार परत परत उलटला. अलाउद्दौलासोबत पुन्हा हमदानकडे निघाले आणि वाटेतच कोसळले. हमदानला पोहोचल्यावर त्यांनी स्वतःची नाडी ओळखली आणि औषध बंद केले. नंतरचे चरित्रकार सांगतात, की त्यांनी गुलाम मुक्त केले, मालमत्ता गरिबांना वाटली आणि दर तीन दिवसांनी कुरआनचे एक पारायण पूर्ण करत राहिले.

हिजरी ४२८ चा रमजान होता, इ.स. १०३७ चा जून. वय सत्तावन्न. कबर हमदानलाच आहे.