वादळी वारा मोजणारी यंत्रं भारतातच बनवणाऱ्या अ‍ॅना मणी

१७ एप्रिल २०२३. पिंपरी-चिंचवडच्या रावेत-किवळे भागात वादळी वारा सुटला आणि आडोशाला थांबलेल्या लोकांवर होर्डिंग कोसळलं. ५ जणांचा जीव गेला.

अमेरिकेसारखे टोर्नेडो आपल्याकडे क्वचितच होतात. आपला धोका वळवाचा, म्हणजे साधारण मार्च ते मे. जमीन तापते, दमट हवा वर जाऊन उंच ढग तयार होतात. मग पावसाने गार झालेली जड हवा जोरात खाली येते आणि चहूकडे पसरते. पत्रे उडतात, झाडं पडतात ती याच वाऱ्याने.

हा वारा कधी येतो, किती वेगाने येतो हे सांगायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. आणि त्या नोंदी घेणारी यंत्रं देशभर सारखीच मोजणारी हवीत. त्यासाठी आयुष्य दिलं अ‍ॅना मणी यांनी.

२३ ऑगस्ट १९१८ ला त्रावणकोरमधल्या पीरमेड इथे त्यांचा जन्म झाला. आठव्या वाढदिवसाला घरच्यांनी हिऱ्याच्या कुड्या देऊ केल्या, तर त्यांनी ज्ञानकोश मागितला. पुढे बंगळुरूत सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे आणि माणकांवर संशोधन केलं. प्रबंध तयार होता, पण एमएस्सी नाही म्हणून मद्रास विद्यापीठाने पीएचडी नाकारली.

१९४५ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि हवामानाची यंत्रं शिकल्या. १९४८ मध्ये परत येऊन पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. शिवाजीनगरचं ‘सिमला ऑफिस’ आपल्याला माहितीये, तेच हे खातं.

तेव्हा साधी यंत्रंही परदेशातून यायची. मणी यांनी जवळपास १०० यंत्रांची प्रमाणित रेखाचित्रं तयार करून घेतली आणि ती इथेच बनवायला सुरुवात केली. त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष काम करत होते. यंत्र चुकीचं मोजत असेल तर ते नसलेलंच बरं, यावर त्या ठाम होत्या.

१९७६ मध्ये खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या, पण थांबल्या नाहीत. देशात कुठे किती वारा वाहतो याचा अभ्यास केला, बंगळुरूत वारा आणि ऊन मोजणाऱ्या यंत्रांचा कारखाना काढला. १६ ऑगस्ट २००१ ला तिरुवनंतपुरममध्ये त्यांचं निधन झालं.

याचा आपल्याशी संबंध काय? हवामान केंद्रांवर मोजलेल्या वाऱ्याच्या नोंदींवरूनच बांधकामाचं भारतीय मानक ठरलंय. त्यात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. चाकणची शेड असो की हायवेवरचं होर्डिंग, सांगाडा हा मूळ वेग आधार धरूनच उभा करायचा असतो.

म्हणजे मोजमाप झालेलं आहे, आकडा छापलेला आहे. तो पाळला की नाही, एवढंच दर एप्रिलच्या आधी तपासायचं.