ज्यूल गोनँ

ज्यूल गोनँ (१० ऑगस्ट, १८७० – १० जून, १९३५) हे स्वित्झर्लंडमधील नेत्रशल्यविशारद होते. सुटलेले दृष्टिपटल, म्हणजेच सरकलेला डोळ्याचा पडदा, पुन्हा बसवणारी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली.

जीवन

गोनँ यांचा जन्म लोझान येथे झाला. तेथील नेत्ररुग्णालयात त्यांनी मार्क द्युफूर यांच्या हाताखाली काम केले. १९२० मध्ये ते लोझान विद्यापीठात नेत्रविज्ञानाचे प्राध्यापक झाले. आम्सलर जाळीचे जनक मार्क आम्सलर हे त्यांचे शिष्य होत.

संशोधन

त्या काळी या विकारामुळे अंधत्व जवळजवळ अटळ मानले जाई. रुग्णाला डोळे बांधून कित्येक आठवडे निश्चल पडून राहावे लागे. पडद्याला पडलेले छिद्र हा विकाराचा परिणाम आहे, असे अनेक तज्ज्ञ समजत. विकारग्रस्त डोळ्यांचा सूक्ष्म अभ्यास करून गोनँ यांनी याउलट निष्कर्ष काढला. आतील काचाभ द्रवाच्या ओढीने पडदा फाटतो, फटीतून द्रव मागे शिरतो आणि पडदा सुटतो. म्हणून फट बुजवणे हाच खरा उपचार होय, असे त्यांनी प्रतिपादन केले.

ते प्रत्येक छिद्र शोधून त्याचा नकाशा काढीत, डोळ्याच्या बाह्य पृष्ठावर त्याची जागा मोजून निश्चित करीत आणि श्वेतपटलाला छेद देऊन तप्त उपकरणाने तेथे डाग देत. त्या व्रणामुळे छिद्र बंद होई. या पद्धतीला 'इग्निपंक्चर' म्हणजे अग्निवेध असे नाव मिळाले. एखादे छिद्र नजरेतून सुटले तर शस्त्रक्रिया फसे. दीर्घकाळच्या विरोधानंतर १९२९ मध्ये ॲम्स्टरडॅम येथील आंतरराष्ट्रीय नेत्रविज्ञान परिषदेत त्यांच्या पद्धतीला मान्यता मिळाली. १९३४ मध्ये या विषयावरील त्यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला.

नंतरची प्रगती

छिद्रे नव्याने पडल्यास किंवा पडद्यावर व्रणपापुद्रे वाढून तो आक्रसल्यास पडदा पुन्हा सुटतो. अशा रुग्णांसाठी आतून आधार देण्याचे उपाय पुढे आले. १९३८ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट रोसेनग्रेन यांनी हवेचा बुडबुडा, तर १९६२ मध्ये पॉल सिबिस यांनी सिलिकॉन तेल वापरल्याचे प्रसिद्ध केले. १९७० च्या दशकात रॉबर्ट माखेमर यांच्या पद्धतीने काचाभ द्रव काढून टाकणे शक्य झाले. आता त्या जागी तात्पुरता वायू किंवा तेल भरतात. वायू आपोआप शोषला जातो. तेल बहुधा दुसऱ्या शस्त्रक्रियेने काढतात. हा आधार व्रण घट्ट होईपर्यंतच असतो. छिद्र बुजवण्याचे गोनँ यांचे तत्त्व आजही कायम आहे.

सन्मान

लोझानच्या नेत्ररुग्णालयाला गोनँ यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांच्या स्मरणार्थ दिले जाणारे गोनँ पदक नेत्रविज्ञानातील सर्वोच्च सन्मानांपैकी एक मानले जाते.