विश्लेषण : चौपाटीवरच्या कॉलेजला नाव देणारे जॉन विल्सन कोण? त्यांच्या छोट्याशा मंडळीमुळे मुंबई का ढवळून निघाली?

गिरगाव चौपाटीसमोरची विल्सन कॉलेजची दगडी इमारत मुंबईकरांना पाठ आहे. ती १८८९ मध्ये उभी राहिली. ज्यांचे नाव तिला मिळाले, ते जॉन विल्सन त्याआधी चौदा वर्षे निवर्तले होते. विल्सन यांची ओळख शिक्षक, संशोधक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू अशी सांगितली जाते. ते मूळचे मिशनरी होते आणि गिरगावच्या अंब्रोलीत त्यांनी एक छोटी मंडळी जमवली होती, हा भाग मात्र मागे पडतो. त्या मंडळीत आलेल्या मूठभर तरुणांमुळे शहरात दोनदा मोठे वादळ उठले. मुलगा कोणत्या वयात स्वतःचा धर्म ठरवू शकतो, हा प्रश्न त्यातून थेट न्यायालयात गेला.

लाउडरचा मुलगा कोकणात कसा आला?

विल्सन यांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडच्या दक्षिण भागातील लाउडर या लहान गावी झाला. एडिंबरो विद्यापीठात शिकून ते धर्मोपदेशक झाले. १८२८ मध्ये त्यांचा मार्गारेट बेन यांच्याशी विवाह झाला आणि लगेच हे जोडपे जहाजाने निघाले. फेब्रुवारी १८२९ मध्ये ते मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम तेव्हा कोकणात बाणकोट आणि हर्णे परिसरात चालत असे. विल्सन दाम्पत्य आधी तिकडे गेले आणि मराठी शिकले. काही महिन्यांतच विल्सन मराठीतून उपदेश करू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी मुंबईत बस्तान बसवले.

प्रेस्बिटेरियन मंडळी म्हणजे काय?

स्कॉटलंडच्या चर्चमध्ये बिशप नसतो. मंडळीतील जबाबदार सभासद ‘वडील’ म्हणून नेमले जातात. ते आणि पाळक मिळून मंडळीचा कारभार पाहतात. कोणाला सभासद करून घ्यायचे, कोणाच्या घरी अडचण आहे, कोणाला समज द्यायची, हे सगळे त्यांच्या बैठकीत ठरते. आसपासच्या मंडळ्यांचे पाळक आणि वडील एकत्र बसतात, ती प्रेस्बिटरी. तिथे प्रत्येकाला एक मत असते.

फोर्टमध्ये स्कॉटिश लोकांचे सेंट अँड्र्यूज चर्च आधीपासून होते. ते मुख्यतः युरोपीय अधिकारी आणि व्यापाऱ्यांचे होते. विल्सन यांनी १८३१ मध्ये इथल्या लोकांची वेगळी प्रेस्बिटेरियन मंडळी स्थापन केली. सुरुवातीला सभासद होते अवघे आठ. या पद्धतीनुसार पुढेमागे इथला मराठी किंवा गुजराती पाळक स्कॉटिश पाळकाच्या शेजारी बरोबरीने बसणार होता. तत्त्वापुरते तरी हे मोठे आश्वासन होते. पैसा आणि व्यवस्था मात्र बराच काळ परदेशी मिशनरींच्याच हातात राहिली.

तरुणांसाठी काय सुरू झाले?

स्कॉटलंडमध्ये मुलांना धर्म शिकवण्याची एक ठरलेली रीत होती. वेस्टमिन्स्टरची छोटी प्रश्नोत्तरावली, तिच्यात १०७ प्रश्न. पाळक विचारणार, मूल उत्तर देणार. विल्सन याच रीतीत वाढले होते आणि मुंबईत त्यांनी प्रश्नोत्तरांचा मार्ग धरला. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकर यांच्याशी त्यांचा जाहीर धर्मवाद झाला. तो मग छापील पुस्तकांतून पुढे चालला. पारशी धर्मग्रंथांवरही त्यांनी टीका केली आणि तिला पारश्यांकडून उत्तरे आली. त्यांची भाषा अनेकदा बोचरी असे. पण वाद ऐकायला आणि वाचायला तरुण जमत.

१८३२ मध्ये अंब्रोलीत इंग्रजी शाळा सुरू झाली. आजच्या विल्सन कॉलेजचे मूळ तिथे आहे. हिंदू, पारशी, बेने इस्रायली, ख्रिस्ती मुले एका बाकावर बसत. बेने इस्रायली लोकांसाठी विल्सन यांनी हिब्रू भाषेचे व्याकरण मराठीतून लिहिले. मार्गारेट यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्यांचे मुंबईतच निधन झाले. त्यांचे काम पुढे चालवायला त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या.

शाळेत बायबल शिकवले जाई आणि हे कोणापासून लपवलेले नव्हते. पालकांना इंग्रजी हवे होते. बायबलचा तास त्याबरोबर येतो, एवढेच, असे त्यांनी धरले. मूल तो तास मनावर घेईल, हे बहुतेकांच्या मनातही नव्हते.

१८३९ मध्ये काय घडले?

त्या वर्षी मे महिन्यात धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत खळबळ माजली. पारशी समाज संघटित होता, श्रीमंत होता आणि त्याचा सरकारदरबारी वजनही होते. नातलगांनी सर्वोच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. मुलाला मिशनरींनी डांबून ठेवले आहे, असा त्याचा रोख होता. धनजीभाई तेव्हा साधारण सोळा-सतरा वर्षांचा होता. न्यायालयाने त्याला आपल्या इच्छेने जाण्याची मुभा दिली. तो विल्सन यांच्याकडे परतला.

निकाल मिशनच्या बाजूने लागला, पण शाळा ओस पडली. पारशी पालकांनी मुले काढून घेतली आणि अनेक हिंदू पालकांनीही तेच केले. वर्ग पुन्हा भरायला बराच काळ जावा लागला. धर्मांतर रोखण्यासाठी सरकारकडे अर्ज गेले. पालकांची बाजूही समजून घेण्यासारखी होती. त्यांनी मुलाला शिकायला पाठवले होते, गमावायला नव्हे. विल्सन यांच्या मते प्रश्न सदसद्विवेकाचा होता. समजत्या वयाच्या तरुणाने मागितलेला बाप्तिस्मा नाकारणे त्यांना पाप वाटत होते. दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक होते, म्हणूनच तडजोड निघाली नाही.

श्रीपतीचे प्रकरण वेगळे का ठरले?

चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. विल्सन तेव्हा प्रवासात होते आणि मंडळीचे काम रॉबर्ट नेस्बिट व इतर सहकारी पाहत होते. नारायणचा धाकटा भाऊ श्रीपती हाही मिशनच्या घरी राहायला गेला. तो साधारण बारा वर्षांचा होता. वडील न्यायालयात गेले. या वेळी न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी मुलाला वडिलांच्या ताब्यात दिले. एवढ्या लहान मुलाने स्वतःचा निर्णय घ्यावा, हे न्यायालयाला मान्य नव्हते.

मूल घरी आले, पण पेच सुटला नाही. श्रीपती ख्रिस्ती लोकांबरोबर जेवला होता. त्याला जातीत परत घ्यायचे की नाही, यावर ब्राह्मण समाजात दोन तट पडले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे यासाठी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. मुलगा मिशनकडून सुटला, तरी आपल्या माणसांनी त्याला दार उघडायला वेळ लावला. या प्रकरणात सगळ्यात जास्त सोसले ते त्या बारा वर्षांच्या मुलाने.

घर सुटलेल्यांचे पुढे काय झाले?

बाप्तिस्मा घेणाऱ्या तरुणाचे त्या दिवशी घर सुटे, जेवणाची पंगत सुटे, कधी पत्नीही दुरावे. होरमसजी विवाहित होता आणि त्याची पत्नी व मुलीपासून ताटातूट झाली. त्यामुळे अंब्रोलीची मंडळी केवळ रविवारच्या उपासनेपुरती राहिली नाही. तिला या तरुणांचे घर व्हावे लागले. त्यांचा मुक्काम, जेवण, शिक्षण, पुढे लग्न आणि नोकरी, या सगळ्याचा भार मंडळीवर आला. अनेक जाती आणि भाषांची माणसे एका ताटाशी बसू लागली. त्या काळच्या मुंबईत ही साधी गोष्ट नव्हती.

धनजीभाई विल्सन यांच्याबरोबर स्कॉटलंडला गेले, पाळकाची दीक्षा घेऊन परतले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत जगले. होरमसजी पुढे बाप्टिस्ट पाळक झाले. नारायण शेषाद्री यांना १८५४ मध्ये दीक्षा मिळाली. त्यांनी जालन्याजवळ निजामाच्या मुलखात बेथेल नावाचे ख्रिस्ती खेडे वसवले. ज्यांच्यावरून शहरात दंगा झाला, तेच पुढे मंडळ्यांचे पाळक झाले.

या मंडळीत आफ्रिकेतूनही तरुण आले. डेव्हिड लिव्हिंगस्टन १८६४ मध्ये मुंबईत आले तेव्हा चुमा आणि विकातानी या दोन मुलांना त्यांनी विल्सन यांच्या शाळेत ठेवले. चुमाचा बाप्तिस्मा १८६५ मध्ये इथेच झाला. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले. त्यांचा मृतदेह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्यांत चुमा आघाडीवर होता.

स्कॉटलंडमधल्या फुटीचा गिरगावला फटका का बसला?

मे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. मंडळीला नको असलेला पाळक जमीनदाराने तिच्यावर लादावा का, हा वादाचा मुद्दा होता. साडेचारशेहून अधिक पाळक घरदार आणि पगार सोडून बाहेर पडले आणि फ्री चर्च स्थापन झाले. भारतातील स्कॉटिश मिशनरी फ्री चर्चबरोबर गेले. त्याची किंमत म्हणून मुंबईत त्यांना शाळेची जवळपास तयार झालेली नवी इमारत सोडावी लागली. भाड्याच्या जागांत दिवस काढल्यावर १८५५ मध्ये खेतवाडीत शाळेची स्वतःची वास्तू झाली. माणसाने आपल्या विवेकासाठी घर सोडावे, असे तरुणांना सांगणाऱ्यांवर स्वतःच तशी वेळ आली होती.

कायद्यात काय बदलले?

धर्म बदलला की वारसाहक्क जाणार, ही भीती देशभर होती. १८५० च्या कायद्याने धर्म किंवा जात सोडल्यामुळे मालमत्तेचा हक्क जाऊ नये, अशी तरतूद केली. १८६६ च्या कायद्याने, धर्मांतरामुळे जोडीदाराने कायमची साथ सोडली तर न्यायालयामार्फत विवाह संपवण्याचा मार्ग धर्मांतरितांना मिळाला. देशभरातून आलेल्या अशाच प्रकरणांच्या पार्श्वभूमीवर हे कायदे झाले. सनातनी मंडळींना त्यांत सरकारचा पक्षपात दिसला, तर धर्मांतरितांना ते किमान संरक्षण वाटले.

ख्रिस्ती न झालेल्या विद्यार्थ्यांचे काय?

त्यांचीच संख्या फार मोठी होती. विल्सन यांच्या शाळांतून शिकलेल्यांपैकी बाप्तिस्मा घेणारे अगदी थोडे. बाकीच्यांनी इंग्रजी घेतले, चिकित्सा घेतली आणि ती स्वतःच्या धर्मालाही लावली, मिशनरींच्या धर्मालाही. जातिभेद मोडू पाहणारी परमहंस सभा आणि १८६७ चा प्रार्थना समाज याच वातावरणात उभे राहिले. परमहंस सभेत असलेले बाबा पदमनजी हे फ्री चर्चच्या मुंबईतील शाळेचे विद्यार्थी. त्यांनी १८५४ मध्ये बेळगावात बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, पण तिथे मिळालेल्या शिक्षणाने त्यांना स्वतःची वाट दिसली. प्रश्न विचारायला शिकवले की उत्तर आपल्याला हवे तेच मिळेल, याची खात्री कोणत्याच शिक्षकाला देता येत नाही.

विल्सन यांची अखेर कशी झाली?

विल्सन यांचा अधिकार पुढे सर्वांनीच मानला. गिरनारच्या अशोक शिलालेखाचा त्यांनी मिळवलेला ठसा जेम्स प्रिन्सेप यांना उपयोगी पडला. लेण्यांच्या अभ्यासासाठी नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. १८६८ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १८७० मध्ये फ्री चर्चच्या महासभेचे मॉडरेटर. मॉडरेटरचे वर्ष संपवून ते निवृत्त होऊन स्कॉटलंडमध्ये राहू शकले असते, पण ते मुंबईला परतले. १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार हिलवरील राहत्या घरी त्यांचे निधन झाले आणि त्यांना मुंबईतच पुरण्यात आले.

अंब्रोली चर्च गिरगावात आजही आहे. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा भाग आहे. आठ सभासदांची मंडळी संख्येने कधीच मोठी झाली नाही. पण वाढत्या वयातल्या मुलाच्या मनावर हक्क कोणाचा, आईबापाचा, शिक्षकाचा, समाजाचा की त्याचा स्वतःचा, हा प्रश्न तिने मुंबईसमोर पहिल्यांदा एवढ्या उघडपणे ठेवला. न्यायालयाने सतरा वर्षांच्या मुलाला एक उत्तर दिले आणि बारा वर्षांच्या मुलाला दुसरे. त्या दोन उत्तरांच्या मधली जागा आजही वादाची आहे.