दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१७ जानेवारी १९०५, डहाणू – १९८६) हे मराठी गणितज्ञ व शालेय शिक्षक होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्यानंतर १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे अध्यापन केले. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाच्या संशोधनाची, ते मौलिक असूनही, दीर्घकाळ उपेक्षा झाली. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात त्यांच्यावर लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर पोहोचले.

६१७४ ही संख्या कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. सर्व अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडावेत आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ३०८७, ८३५२ व ६१७४.

कागदावर गवसलेली ही कृती आज शालेय विद्यार्थ्यांना संगणक प्रोग्रॅमिंग शिकवताना सरावासाठी दिली जाते. अंक सुटे करणे, क्रम लावणे, अट तपासणे व लूप हे सारे तिच्यात एकत्र येते. नवशिका मात्र शून्यापाशी अडखळतो. १००० पासून आरंभ केल्यास पहिली वजाबाकी ९९९ येते; ती ०९९९ अशी चार अंकी न धरल्यास पुढचे उत्तर शून्य येते आणि प्रोग्रॅम ६१७४ पर्यंत पोहोचतच नाही.